अंगात ताप, जीव वॉर्डात

मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर असलेल्या ताईंचं पत्र आलं आहे. सोळा वर्षं त्या एकाच हॉस्पिटलात आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्या तीन दिवस घरी गेल्या नव्हत्या, वॉर्डातच राहिल्या. गेल्या महिन्यात त्यांना ताप आला. पॅरासिटामॉल घेऊन, दोन मास्क लावून त्या चारही दिवस ड्युटीवर गेल्या. दोन दिवसांनी वॉर्डातल्या चोवीस वर्षांच्या एका सिस्टरने सकाळी व्हॉट्सॲपवर थर्मामीटरचा फोटो पाठवून कळवलं, ‘ताप आहे, आज येऊ शकत नाही.’ ती परत आली तेव्हा हॅन्डओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, सगळ्यांसमोर ताई तिला म्हणाल्या, “आम्हाला काय ताप येत नाही? वॉर्ड आपला समजला की पाय आपोआप चालतात.” तेव्हापासून ती मुलगी कामापुरतंच बोलते. हॉस्पिटलच्या कार्यक्रमात ‘वर्षभरात आजारपणाची एकही रजा नाही’ म्हणून ताईंचा सत्कार झाला. घरी मात्र लेक म्हणाली, “आई, हॉस्पिटल तुझं नाही, मालकाचं आहे.” हे वाक्य त्यांना लागलं आहे. पत्रात ओघात त्यांनी असंही लिहिलंय, की त्या तापात सहा नंबर आणि नऊ नंबरच्या दोन पाटलांची इंजेक्शनं त्यांच्या हातून बदलणार होती, पण त्याच मुलीने ट्रे बघून थांबवलं. शेवटच्या ओळीत आहे, की खोकला अजून गेला नाही, तीन आठवडे झाले. त्यांचे प्रश्न दोन: माझं चुकलं का? आणि या नव्या मुलींच्या मनात आपलेपणा कसा रुजवू?

ताई,

आधी खोकला. तुम्ही तो शेवटच्या ओळीत लिहिलात, मी पहिल्यांदा घेते. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकी तपासायची, हे तुम्ही आजवर कितीतरी पेशंटना सांगितलं असेल. क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. व्हायरल तापानंतरचा खोकला पुष्कळदा असाच रेंगाळतो आणि तुमचाही तसाच निघण्याची शक्यता जास्त. पण वर्षानुवर्षं पेशंटच्या तोंडाशी वाकून काम करणाऱ्या माणसाने अंदाजावर थांबू नये. तुमच्या वॉर्डात पोट उघडून टाके घातलेले, शुगर वाढलेले, अशक्त झालेले लोक पडून आहेत. हे तुम्हाला मी वेगळं कळवलं आहेच. इथे लिहिते आहे ते तुमच्यासारखा खोकला अंगावर काढणाऱ्या बाकीच्यांसाठी.

आता लेकीचं वाक्य. ती कागदोपत्री बरोबर आहे, पण तिचं म्हणणं अर्धंच आहे. एखादी गोष्ट ‘माझी’ वाटायला सातबारा लागत नाही. जॉन पिअर्स, तातियाना कोस्तोव्हा आणि कर्ट डर्क्स या तीन अभ्यासकांनी नोकरीतल्या या मनाच्या मालकीवर २००१ मध्ये सविस्तर मांडणी केली. ही भावना तीन वाटांनी येते असं त्यांचं म्हणणं. त्या गोष्टीवर आपलं काहीतरी चालतं, ती आपल्याला आतून-बाहेरून माहीत असते, आणि आपण तिच्यात स्वतःला ओतलेलं असतं. तुमच्याकडे तिन्ही आहेत. ड्युटी लिस्ट तुम्ही लावता. कुठल्या बेडजवळचा ऑक्सिजन पॉइंट सैल आहे हे तुम्हाला अंधारात कळतं. अथणी-जमखंडीकडून आलेल्या आजीला तुम्ही मोडक्या कानडीत दुखतंय का विचारता, आणि तिचा चेहरा सैल पडतो. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे, आणि ते टिकलं आहे तुमच्यासारख्यांच्या हातांवर. तेव्हा वॉर्ड तुमचा आहे. यात चूक काहीच नाही आणि हा जिव्हाळा कमी करा असं मी सांगणार नाही.

मला वेगळं विचारायचं आहे. हा जिव्हाळा ताप अंगावर काढून सिद्ध करायचा असतो, हे कुठून आलं?

मला वाटतं, ते महापुरातून आलं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. रस्ते बंद, सांगलीतली कितीतरी माणसं स्थलांतरात, बदली येणार कुठून? तेव्हा तुम्ही थांबलात ते थांबायलाच हवं होतं, आणि त्याबद्दल तुमचे जितके आभार मानावेत तितके कमी. पण दोन गोष्टी नीट बघा. त्या तीन दिवसांत तुम्ही थकलेल्या होतात, आजारी नव्हतात. आणि दुसरं माणूस येणं तेव्हा खरोखर अशक्य होतं. गेल्या महिन्यात कृष्णा पात्रात होती. बदली मिळाली नाही, कारण कुणी ठेवलेलीच नव्हती. पुरातला निरुपाय एरवीच्या दिवसांचा नियम होऊन बसला आणि त्यावर हॉस्पिटलने शाल-श्रीफळ दिलं. सत्कार करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. तरी त्या टाळ्यांतून वॉर्डातल्या प्रत्येक मुलीला जे कळायचं ते कळलं, की इथे मोठं व्हायचं तर आजारी असताना यायचं.

आता त्या दोन पाटलांकडे येऊ. हा प्रसंग तुम्ही दोन ओळींत गुंडाळलात, पण माझ्या मते तुमचं अख्खं पत्र तिथे आहे. आपल्या भागात कुठल्याही वॉर्डात एका वेळी तीन-चार पाटील असतातच, म्हणून तर तुम्ही बेड नंबर, पूर्ण नाव आणि केस पेपर असं तिन्ही बघायला शिकवता. त्या दिवशी तुम्ही स्वतः ते बघितलं नाही. निष्काळजी म्हणून नव्हे, डोकं जड होतं म्हणून. ताप उतरवणाऱ्या गोळीने आकडा खाली येतो, दारातल्या तापमापकालाही फसवता येतं, पण लक्ष परत येत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या परिचारिकांचा २०१२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. दुखणं आणि मनाची उदासी अंगावर काढत काम करणाऱ्यांचा त्यात विचार होता. अशा परिचारिकांच्या हातून औषधं चुकणं आणि पेशंट पडणं, या दोन्हींचं प्रमाण जास्त आढळलं. इथे ‘दुखणं’ हा शब्द लक्षात ठेवा. कंबर धरलेली असताना ऐंशी किलोचा पेशंट वळवणारी सिस्टर कुणाला संसर्ग देत नाही, पण तीही आजारीच कामावर असते.

आणि तुम्हाला थांबवलं कुणी? त्याच मुलीने. वयाने, अनुभवाने, अधिकाराने तुमच्याहून लहान असलेली एक मुलगी तापाने फणफणलेल्या इनचार्जच्या हातातला ट्रे बघून बोलली. वॉर्ड आपला मानणं म्हणतात ते यालाच. ज्या मुलीत आपलेपणा नाही असं तुम्ही लिहिता, तिनेच त्या दिवशी नऊ नंबरच्या पाटलांना आणि तुम्हालाही वाचवलं. दोन दिवसांनी तिला ताप आला. तो कुठून आला हे कुणालाच सांगता येणार नाही, पण फ्लू असेल तर लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात, आणि आजारी माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो पसरवत असतो. हे तुम्ही मला शिकवावं इतकं तुम्हाला माहीत आहे.

आता ती कामापुरतं बोलते. याचा धोका तुमच्या दोघींतल्या अबोल्याहून मोठा आहे. पुढच्या वेळी कुणाच्याही हातात चुकीचा ट्रे दिसला तर ती बोलेल का? म्हणून पहिलं काम हे करा, की तिच्याशी बोला. एकटीला चहाला नेऊन बोलणं सोपं पडेल, पण सुनावलंत सगळ्यांसमोर, तेव्हा हेही हॅन्डओव्हरलाच, सगळ्यांसमोर व्हायला हवं. लांबण लावू नका. “त्या दिवशी मी तुला बोलले ते चुकलं. तू घरी राहिलीस ते बरोबर केलंस. आणि त्याआधी इंजेक्शन थांबवलंस, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते.” एवढं पुरे. यात इनचार्जचा वचक जातो असं वाटेल. उलट त्या दिवसापासून मुली तुमच्यापाशी चुका लपवणार नाहीत, आणि वॉर्ड चालवायला याहून उपयोगाचं काही नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं कळतं हो, पण वळत नाही. अगदी खरं. फिलाडेल्फियातल्या लहान मुलांच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या ५३६ डॉक्टर आणि वरिष्ठ परिचारिका वगैरेंना हेच विचारलं गेलं होतं. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आजारी असताना काम केलं तर पेशंटला धोका होतो, हे ९५ टक्के लोकांना मान्य होतं. आणि वर्षभरात एकदा तरी आजारी असताना कामावर आलेले होते ८३ टक्के. कारणं विचारली तर पहिलं, सहकाऱ्यांवर भार नको. दुसरं, माणसं कमी. तिसरं, पेशंटला वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं. मिरजेतल्या कुठल्याही वॉर्डात विचारा, हीच उत्तरं याच क्रमाने येतील. स्वीडनमधल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आजारी असताना कामावर जाण्याचं प्रमाण सेवा-शुश्रूषा आणि शिक्षण या क्षेत्रांत सर्वांत जास्त आढळलं, आणि त्याचं एक मोठं कारण होतं, आपण गेलो नाही तर ते काम दुसरं कुणी करत नाही, परत आल्यावर आपल्यालाच करावं लागतं. म्हणजे ज्यांच्यापुढे माणूस बसलेला असतो तेच लोक स्वतःचं दुखणं बाजूला सारतात. त्यांच्या चांगुलपणावर व्यवस्था उभी राहते आणि मग माणूस वाढवायची गरज कुणाला भासत नाही. मॅनेजमेंट तुम्हाला ‘घरचं माणूस’ म्हणतं. घरच्या माणसाला ताप आला तर आपण त्याला झोपवतो ना?

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या तीन वाटा आठवा आणि तुमच्या मुलींकडे बघा. त्यांचं वॉर्डात काय चालतं? ड्युटी लिस्ट तयार होऊन भिंतीवर लागते, तेव्हाच त्यांना आपली नाइट कधी हे कळतं. कपाटाच्या किल्ल्या तुमच्या कमरेला. स्टोअरशी, डॉक्टरांशी, नातेवाइकांशी बोलणं तुमचं. वर्षभरात चार वॉर्ड बदललेल्या मुलीला कुठलाच वॉर्ड आतून कळत नाही. आणि पगार असा, की दोनशे-पाचशे जास्त मिळाले तर ती विश्रामबागेतल्या दुसऱ्या हॉस्पिटलात जाईल, यात तिला दोष कसा द्यायचा? आपलेपणा मागून मिळत नाही. तिला काहीतरी तिचं द्यावं लागतं.

पिअर्स आणि सहकाऱ्यांनी या भावनेची काळी बाजूही मांडली आहे. ‘माझं’ म्हटलेल्या गोष्टीत दुसऱ्याला वाटा द्यायला जीव होत नाही. तुम्हाला बोचेल, पण विचारते: तुम्ही चार दिवस नसलात तर वॉर्ड कोलमडेल, याची काळजी जास्त वाटते, की नाही कोलमडला तर काय, याची? सोळा वर्षं घातल्यावर दुसरी भीती वाटणं साहजिक आहे. पण तुम्ही नसताना वॉर्ड नीट चालला, तर ती तुमच्याच हातची कमाई आहे.

तेव्हा पुढच्या महिन्यापासून किल्ल्या वाटा. एका मुलीकडे ड्रेसिंगचं कपाट, दुसरीकडे इमर्जन्सी ट्रॉली, तिसरीकडे नव्या पेशंटचं सामान आणि नातेवाइकांना समजावणं, आणि त्या कामात निर्णयही त्यांचा. ड्युटी लिस्ट पक्की करण्याआधी एक दिवस कच्ची लावा आणि अदलाबदल त्यांना आपसांत करू द्या. तुमची जागा घेईल अशी एकजण ठरवा आणि तिला आठवड्यातून एक दिवस तुम्ही हजर असतानाच इनचार्ज करा. चुकेल. चुकू दे, तुम्ही तिथेच आहात.

आजारपणाचा नियम मात्र वॉर्डाच्या पातळीवर लेखी असावा, कुणाच्या स्वभावावर सोडू नये. फ्लूसारख्या तापात गोळीशिवाय चोवीस तास ताप नाही, त्यानंतरच ड्युटी. जुलाब-उलट्या असतील तर थांबल्यापासून ४८ तास घरी. डोळे आलेले, कांजिण्या, हातावर पिकलेली जखम असेल तर पेशंटपाशी नाही. साधी सर्दी असेल, अंगात जोर असेल तर मास्क लावून या, पण सगळ्यात नाजूक पेशंट दुसरीला द्या. कंबर-गुडघे धरलेले असतील तर त्या दिवशी उचलण्याचं काम नाही, औषधांच्या नोंदी, डिस्चार्जचे कागद, फोन. आणि पहाटे ताप आला तर पहाटेच कळवायचं, ड्युटीच्या दहा मिनिटं आधी नाही. तुमच्या त्या मुलीने सकाळी लवकर कळवलं होतं, ही तिची जबाबदारीची जाण आहे.

उद्या सगळ्याच ताप म्हणतील, ही भीती तुमच्या पत्रात शब्दांमागे दिसते. एखादी म्हणेलही. यात्रेच्या दिवशी, माहेरच्या लग्नात हमखास आजारी पडणाऱ्या असतातच. त्यासाठी तीन-चार महिन्यांची हजेरी समोर ठेवा, तिला एकटीला बोलवा आणि विचारा. पण एका खोटारडीला पकडायला नऊजणींना तापात बोलावणं वॉर्डाला महाग पडतं.

पैशांचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण कितीतरी जणी केवळ बिनपगारी पडेल म्हणून गोळी खाऊन येतात. वॉर्डातले मामा-मावशी तर नक्कीच, आणि त्यांच्याबद्दल कुणी पत्र लिहीत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आहे, आणि त्याच्या व्याख्येत रुग्णालयंही येतात. सगळ्यांच्या पगाराच्या स्लिपा एकदा बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांच्या स्लिपेत ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात होत असेल, तर वर्गणीची अट पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्याला डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणात सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. कुपवाडच्या कारखान्यांतल्या कामगारांना हे तोंडपाठ असतं. हॉस्पिटलातल्या मुलींनी मात्र कार्डच काढलेलं नसतं. ते काढून घ्यायला लावणं हे इनचार्ज म्हणून तुम्ही त्यांच्यासाठी करू शकाल अशा मोठ्या कामांपैकी एक आहे.

मॅनेजमेंटकडे एकटीने जाऊ नका. मॅट्रन आणि दुसऱ्या दोन वॉर्डांच्या इनचार्ज यांना बरोबर घ्या आणि एकच मागणी लेखी द्या: दर पाळीला दोन-तीन वॉर्ड मिळून एक राखीव सिस्टर. बरोबर गेल्या सहा महिन्यांत किती डबल ड्युट्या लागल्या त्याचा तक्ता जोडा. तो तुमच्याच रजिस्टरमध्ये आहे. त्या दोन पाटलांचा प्रसंगही नावं न घेता, ‘होता होता टळलेली चूक’ म्हणून लिहा. तुम्हाला ते अवघड जाईल. पण वर्षभर रजा न घेतलेल्या बाईने, आजारी असताना माझं लक्ष चुकलं, असं लिहून दिलं तर ते वाचलं जातं. तुमचा सत्कार तिथे कामी येईल. पैसे नाहीत हे उत्तर येईल, तेव्हा निदान कच्ची सोय मागा, की अर्धवेळ काम करू शकतील अशा, लग्नानंतर नोकरी सोडलेल्या जुन्या सिस्टर्सची यादी करून त्यांना दिवसाच्या हिशोबाने बोलवायची परवानगी द्या. मिरजेत अशा बायका गल्लोगल्ली आहेत.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, मी मात्र गृहीत धरते आहे. आजारी असताना घरी राहिलं तरी पडायला मिळत नाही. सकाळचा डबा, धुणं, सासूबाईंची औषधं, दुपारी कुणीतरी येतंच. वॉर्डात निदान खुर्ची मिळते आणि मावशी चहा आणून देतात. कितीतरी सिस्टर्स तापात ड्युटीवर येतात त्यामागे हेही असतं, आणि ते आपलेपणाच्या नावाखाली झाकलं जातं. म्हणून घरातही हे बोलून ठेवा, ताप नसताना. तुमची लेक तुमच्यासाठी कळवळून बोलली आहे. तिलाच सांगा, की माझी रजा ही तुम्हा सगळ्यांची ड्युटी. कुकर कोण लावणार, आजीच्या गोळ्या कोण देणार, हे आत्ताच ठरवा.

आणि पुढच्या वेळी ताप आला की वॉर्डातून फोन येणारच. पहिला उचला, “आज इनचार्ज ती आहे, तिला विचारा” म्हणा, आणि ठेवून द्या.